‘इंडी’ला मराठीत काय म्हणाल? आणि नवं गाणं ‘निघतं’, ‘येतं’ की ‘पडतं’?

रात्रपाळी:
दर गुरुवारी रात्री बाराच्या ठोक्याला मी फोन घेऊन बसते. तारीख बदलली की जगभरची नवी गाणी एकेक करून दिसायला लागतात. आई विचारते, "कसला निकाल लागायचाय?" आता तिला काय सांगू? "नवीन इंडी रिलीज डिस्कव्हर करतेय" या वाक्यात मराठी म्हणाल तर ‘नवीन’ आणि ‘करतेय’, बस. तेव्हा तीन शब्द हवेत: इंडी, रिलीज आणि डिस्कव्हर. ‘स्वतंत्र संगीताच्या नवनिर्मितीचा शोध’ कृपया सुचवू नका. ते आईवर वापरून झालंय. ती म्हणाली, "झोप आता."

कोशकिडा:
‘स्वतंत्र’ मलाही नको, पण वेगळ्या कारणाने. आपल्या संगीतात तो शब्द आधीच कामावर आहे. ‘स्वतंत्र तबलावादन’ म्हणजे तबला कुणाच्या साथीला नाही, तोच मैफलीचा धनी, आणि पेटीवाला शेजारी लेहरा, म्हणजे तालाची तीच ती धून, धरून बसलेला. ‘स्वतंत्र गिटारवादक’ म्हटलं की मला एकटा बसलेला माणूस दिसतो. तुमच्या बँडमध्ये चौघं असणार.

मूळ शब्द ‘इंडिपेन्डन्ट’चं लाडकं रूप आहे हे उघड आहे. पण स्वातंत्र्य कुणापासून? मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांपासून. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने १९७७च्या जानेवारीत उसनवारी करून चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली, पहिल्या खेपेला १,००० प्रती. पाकिटावर कुठलं गाणं कितव्या प्रयत्नात जमलं तेही छापलं होतं. ब्रिटनमध्ये १९८०पासून इंडी रेकॉर्डची वेगळी विक्रीयादी निघू लागली, आणि तिची अट गाणं कसं वाजतं ही नव्हतीच. माल मोठ्या कंपन्यांच्या वितरणातून जाता कामा नये, एवढंच. त्यामुळे १९८८मध्ये कायली मिनोग या पॉप गायिकेची नाचायची गाणी त्या यादीत झळकत होती. आजच्या कुठल्याही इंडीवाल्याला हे सांगून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

चहा_कमी_साखर:
म्हणजे ‘अपक्ष’! अपक्ष संगीत. अपक्ष बँड. निवडून आला की मोठ्या पक्षात जातो, हेही जुळतं.

रात्रपाळी:
हाहा, हा शब्द मी उद्यापासून वापरणार. चिडवायला तरी.

नव्वदीतला:
माझा घोळ वेगळाच. आमच्या शाळेच्या दिवसांत ‘इंडिपॉप’ होतं. अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’, १९९५. मला बरीच वर्षं वाटायचं की हा ‘इंडी’ तोच, आणि पुण्यात २०१०मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला तेव्हा मी त्याच अपेक्षेने मित्राबरोबर गेलो. तिथे कुणीच दुपट्टा उडवत नव्हतं. इंडिपॉपमधला ‘इंडि’ इंडियाचा, हा इंडिपेन्डन्टचा. एकामागे कंपनीचा पैसा आणि दिवसभर टीव्हीवर व्हिडिओ. दुसऱ्यामागे मित्राची गाडी आणि भावाचं क्रेडिट कार्ड. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात ही पंचाईत. निदान वेलांटीचा फरक पाळूया: पॉपवाली ऱ्हस्व, ही दीर्घ.

कोशकिडा:
वेलांटीवर भरवसा ठेवणारा माणूस या काळात भेटला, आनंद झाला.

खरं तर आपल्याकडे याचा सख्खा भाऊ आहे: ‘अनियतकालिक’. साठच्या दशकात मराठी कवी-लेखकांनी पदरमोड करून, सायक्लोस्टाइल करून अंक काढले. अशोक शहाणे यांचं ‘असो’ आठवा. हा शब्दही आधी नुसती व्यवहाराची गोष्ट सांगत होता: अंक ठरल्या वेळी निघेल याची हमी नाही. पुढे ‘अनियतकालिकवाला कवी’ म्हटलं की एक भाषा, एक तऱ्हा, एक दाढीसुद्धा डोळ्यांपुढे येऊ लागली. ‘इंडी’चंही तेच झालं. १९८६मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ साप्ताहिकाने ‘सी८६’ नावाची २२ बँडची कॅसेट काढली, आणि हळूहळू ‘इंडी’ म्हणजे किणकिणती गिटार आणि लाजरा आवाज असं समीकरण बसलं. पैशाचा शब्द सुराचा झाला. म्हणून माझं मत, ‘इंडी’ तसाच ठेवा. भाषांतर केलंत तर दोनपैकी एक अर्थ सांडणार.

तबकडी७८:
वयाने इथे मीच थोरला दिसतोय, म्हणून ‘रिलीज’वर बोलतो. आमच्या वेळी रेकॉर्ड ‘निघायची’, कॅसेट ‘यायची’, सिनेमा ‘लागायचा’. ‘प्रकाशित’ फक्त निमंत्रणपत्रिकेवर. ‘अल्बम’ शब्दही मजेचा आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या वहीत, कागदी खिशांत घालून विकायचे; पुढे सगळं एका एलपीत, म्हणजे लाँग-प्ले तबकडीत, मावू लागलं, वही गेली आणि नाव राहिलं. आता फोनमध्ये तबकडीही नाही.

परवा नातू म्हणाला, "आजोबा, काल रात्री त्यांचं गाणं पडलं." मी म्हटलं, "अरेरे, चांगली मुलं होती." तो बघतच राहिला.

नव्वदीतला:
😂 इंग्रजीत नवं गाणं ‘ड्रॉप’ होतं, त्याचं ‘पडलं’! सिनेमा पडला, नाटक पडलं, आमदार पडला, आणि गाणं पडलं तर अभिनंदन.

रात्रपाळी:
काका, ‘निघालं’ घेतलं. छान आहे, त्यात कुणीतरी घरून निघाल्यासारखं वाटतं. ‘डिस्कव्हर’ राहिला. ‘शोधणे’वर आई विचारते, "काय हरवलंय?"

कोशकिडा:
आईंचं बरोबर आहे. शोधताना काय हवंय ते माहीत असतं. ‘हुडकणे’मध्ये खटपट आहे, ढिगात हात घालणं आहे. ‘सापडणे’ चोरालाही लागू. न मागता, अवचित हाती लागतं ते ‘गवसतं’. आणि तंबोऱ्यावर घालायचं कापड म्हणजे ‘गवसणी’, हा कानाला बोनस.

रात्रपाळी:
हो! मी हुडकते आणि मला गवसतं, असंच होतं ते. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर कलाकार आपल्या गाण्यांना गावाचं नाव टॅग म्हणून लावतात. मी एकेक गाव घेऊन बसते. दहा वेळा कुणाचा तरी भयंकर ड्रम सराव ऐकावा लागतो. अकराव्या वेळी खोलीत रेकॉर्ड केलेलं एखादं गाणं येतं, मागे पंख्याची घरघर तशीच ठेवलेली, आणि मी गादीवर उठून बसते. चार माणसांना तेव्हाच पाठवते, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. बँडकॅम्प-शुक्रवारी, म्हणजे कंपनी आपला वाटा सोडते त्या दिवशी, पैसे देऊन घेते. २०२०च्या मार्चपासून हे सुरू झालं. दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळावर चालतो, आपल्याकडे दुपारी साडेबारा नाहीतर दीडला सुरू. जेवणाच्या सुट्टीत खरेदी. काही जण किंमत तुमच्यावर सोडतात. त्याला काय म्हणायचं?

चहा_कमी_साखर:
यथाशक्ती. देवळातल्या पेटीवर लिहिलेलं असतं तसं.

तबकडी७८:
पंख्याची घरघर असलेलं ते गाणं इथे द्या की.

रात्रपाळी:
देते, काका. ते चार गाण्यांच्या ईपीतलं आहे, म्हणजे अल्बमपेक्षा छोट्या संचातलं. हां, ‘ईपी’ला काय म्हणायचं ते राहिलंच.

तबकडी७८:
चार गाणी म्हणा.