मिनीच्या दाराला बाहेरच्या बिजागऱ्या: घरच्या ग्रुपवरची चर्चा

दादा: माझ्या मिनी मोटारीला (मार्क ३, म्हणजे तिसरी आवृत्ती) जुन्या पद्धतीच्या, बाहेरून दिसणाऱ्या बिजागऱ्या लावायच्या आहेत. दारं आहेत तीच ठेवणार, काच खाली जाणारी. पत्रा अजून कापलेला नाही. काका, मामा, ताई, सुरुवात कुठून करू?

मोठे काका: सुरुवात ए-पॅनलपासून. पुढचं विंग (चाकावरचा पत्रा) आणि दार यांच्या मधली ती उभी पट्टी. १९५९ पासूनच्या मार्क १ आणि नंतरच्या मार्क २ ला बिजागऱ्या बाहेर होत्या, काचा सरकत्या. १९६९ च्या अखेरीस मार्क ३ आली आणि बिजागऱ्या आत गेल्या. त्यामुळे जुन्या गाडीत त्या जागी पत्र्याला मागून जो आधार असतो, तो तुझ्या गाडीत नाही. नुसत्या पत्र्यावर बोल्ट कसशील तर पत्रा आधी दबेल, मग बोल्टाच्या भोवती चिरत जाईल.

मामा: बिजागऱ्या शोधताना व्हॅन आणि पिकअपच्याही बघ. मोटारींच्या आत गेल्या तरी त्या दोघींना शेवटपर्यंत बाहेरच्याच होत्या. डावी-उजवी, वरची-खालची अशी प्रत्येकीवर पंचने खूण कर, नंतर घोळ होतो. आणि घेण्याआधी पिन हलवून बघ. पिनेत अर्धा मिलिमीटर खेळ असेल तर दाराच्या मागच्या टोकाला तो कितीतरी पट मोठा होऊन दिसतो. अशी असेल तर भोक रीमरने मोठं करून जाडी पिन टाक, मगच पुढे जा.

दादा: आधाराला पट्टी किती जाडीची लागेल?

ताई: ३ मिमी, साधं लोखंड. रुंदी बिजागरीपेक्षा प्रत्येक बाजूने निदान २५ मिमी जास्त, कोपरे गोल. आणि ती फक्त बाहेरच्या पत्र्याला चिकटवून भागणार नाही, आतल्या खांबाला, ज्यावर दार टांगलेलं असतं त्याला, जोडायला हवी. बाहेरचा पत्रा आणि आतला खांब यांच्यात पोकळी राहिली तर प्रत्येक बोल्टवर तेवढ्याच लांबीची नळी घाल. नळी नसेल तर नट कसताना पत्रा आत ओढला जातो आणि बिजागरी तिरकी बसते. दाराच्या आतही तशीच पट्टी.

हिशेब करून बघ. समज दार १५ किलोचं, वजनाचा मध्य बिजागरीपासून ४५ सेमीवर, दोन बिजागऱ्यांत ३० सेमी अंतर. १५ गुणिले ४५ भागिले ३०, म्हणजे वरच्या बिजागरीवर साडेबावीस किलोची आडवी ओढ. आता उघड्या दाराच्या टोकाला, ९० सेमीवर, कुणी ४० किलोचा भार देऊन टेकलं तर त्यात आणखी १२० किलो. म्हणून दोन बिजागऱ्यांत जमेल तेवढं अंतर ठेव.

मोठे काका: आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही पिना एका सरळ रेषेत हव्यात. मिनीच्या बाजूचा पत्रा वरून खाली वळलेला आहे, त्यामुळे दोन्ही बिजागऱ्या पत्र्यावर सपाट टेकवल्या की पिना एका रेषेत येतच नाहीत. मूळ पिना काढ, त्याच जाडीची एक लांब सरळ सळई दोन्ही बिजागऱ्यांतून आरपार घाल. ती हाताने फिरली पाहिजे. जिथे फट राहील तिथे लोखंडाची पाचर घासून बसव. बोल्ट आवळून ओढून घेऊ नको. तसं केलंस तर दार अर्ध्यावर जड होतं आणि सोडलं की आपोआप मागे येतं.

मामा: पिनेची रेषा दाराच्या बाहेरच्या पत्र्याच्याही बाहेर हवी, काका बरोबर ना?

मोठे काका: हो. ती आत गेली तर उघडताना दाराची पुढची कड फिरून ए-पॅनलवर येते आणि रंग सोलते. पेन्सिलने पुठ्ठ्यावर आडवा छेद काढ, पिनेच्या जागी टाचणी टोच आणि दाराचा पुठ्ठा फिरवून बघ. कुठे घासतंय ते तिथेच कळतं.

दादा: आतल्या बिजागऱ्या तशाच ठेवून वर या लावल्या तर?

ताई: अजिबात नको. दोन अक्षांवर एक दार फिरूच शकत नाही. पण काढायच्या सगळ्यात शेवटी. आधी दार बंद करून चारही बाजूंना ४ मिमीच्या पट्ट्या खोचून घट्ट बसव. काच, रबर, कुलूप सगळं लावलेलं हवं, कारण काचेने दार खाली येतं आणि नवं रबर दाराला बाहेर ढकलतं. मागची कड आधी जुळव, तीच डोळ्यात भरते. मग बाहेरच्या बिजागऱ्या धरून भोकांच्या खुणा कर. पाडण्याआधी काच पूर्ण खाली-वर करून आतून बघ, बोल्टचं टोक काचेच्या पुढच्या खाचेला लागता कामा नये.

वेल्डिंग एकसलग ओढू नको. १० मिमीचे टाके, एक वर, एक खाली, मध्ये गार होऊ दे. बॅटरीची तार सोड, अल्टरनेटर असेल तर त्याचीही. तिथून जाणाऱ्या वायरी आणि आतलं अस्तर बाजूला घे.

मामा: बोल्टचे आटे इंची असतात, यूएनएफ, म्हणजे बारीक आट्यांचे. ५/१६ इंचाच्या बोल्टवर ८ मिमीचा मेट्रिक नट एक-दोन फेरे जातो आणि मग अडकतो, कारण एकाला इंचात २४ आटे तर दुसऱ्याला साधारण २०. अडकला की पाना लावून जोर करू नको.

दादा: दार पुढे किती जाऊ द्यायचं?

मोठे काका: बरं झालं विचारलंस. आतल्या बिजागऱ्या काढताना दाराचा अडथळा, म्हणजे दार ठराविक ठिकाणी थांबवणारा भाग, निघाला तर त्याला अडवायला काही राहत नाही. मग वाऱ्याने दार पुढे फेकलं गेलं की ते विंगच्या सांध्याच्या कडेवर आपटतं आणि बिजागरी पहारीसारखी बोल्ट बाहेर खेचते. दारावर कुणी टेकल्याने भोकं लांबट होतात, पण पत्रा फाटतो तो या झटक्याने. चामड्याचा नाहीतर जाड कापडी पट्टा लाव, दार ७० अंशांच्या आसपास थांबेल असा. त्याचं टोक आतल्या खांबाच्या जाड भागात, वॉशरसकट.

ताई: आणि रंग बिजागरी लावण्याआधी, भोकांच्या कडांनाही. बिजागरी आणि रंग यांच्यात पातळ रबराचा तुकडा, पोकळीत मेण. ए-पॅनल खालून कुजायला लागतो तो साठलेल्या पाण्यानेच, त्यामुळे तळाची पाणी जाण्याची वाट पट्टीने बुजली नाही ना, हे वेल्डिंगच्या आधी बघ.