संगीत आणि गेम या दोन्हींसाठी साउंड कार्डची सेटिंग कशी ठेवावी?

प्रश्न

नमस्कार. माझ्या संगणकावर विंडोज ११ आहे, त्यात स्वतंत्र साउंड कार्ड बसवलेले आहे आणि ऐकण्यासाठी मी वायरचे स्टिरिओ हेडफोन वापरतो. त्यावरच मी संगीत ऐकतो आणि नेमबाजीचे गेमही खेळतो. सध्या डिफॉल्ट फॉरमॅट २४ बिट, १,९२,००० हर्ट्झ आहे, ड्रायव्हरमधले (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधले) ७.१ व्हर्च्युअल सराउंड, म्हणजे हेडफोनवर चहूबाजूंच्या स्पीकरांचा भास देणारी सोय, चालू आहे आणि विंडोजचा तसाच स्पेशियल साउंडही चालू आहे. तरीही गाणी पोकळ वाटतात. गायकाचा आवाज समोरून न येता रिकाम्या खोलीतून आल्यासारखा भासतो. गेममध्ये पावलांचा आवाज डावीकडून येतो आहे एवढे कळते, पण तो पुढून की मागून हे ओळखता येत नाही. शिवाय व्हॉइस चॅट सुरू झाला की बाकीचे सगळे आवाज एकदम दबतात. दोन्ही कामांना चालेल अशी एकच सेटिंग असते का, की दर वेळी बदल करावा लागतो?

पहिले उत्तर

आधी सॅम्पल रेटबद्दल (सेकंदाला ध्वनीचे किती नमुने असतात त्याबद्दल) लिहितो, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. विंडोज नेहमीच्या शेअर्ड मोडमध्ये सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळून कार्डाकडे पाठवते आणि त्यासाठी प्रत्येक आवाज डिफॉल्ट फॉरमॅटमध्ये निवडलेल्या रेटवर आणून ठेवते. सीडीवरचे संगीत ४४,१०० हर्ट्झचे असते, तर व्हिडिओ आणि बहुतेक गेम यांचा आवाज ४८,००० हर्ट्झचा असतो. ते १,९२,००० वर नेल्याने मूळ ध्वनिमुद्रणात नसलेले काही त्यात येत नाही; फक्त प्रत्येक सेकंदाला कितीतरी जास्त नमुन्यांवर प्रक्रिया करावी लागते. ४४,१०० चा रेटसुद्धा २२,०५० हर्ट्झपर्यंतचे सूर टिपू शकतो आणि माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २०,००० हर्ट्झ आहे. म्हणून २४ बिट, ४८,००० हर्ट्झ ही सेटिंग आपल्यासाठी पुरेशी आहे.

बिटांच्या बाबतीत मात्र २४ ठेवण्याला अर्थ आहे. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलची पट्टी, म्हणजे सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर, मिळते. ऐकण्यासाठी ती कमी नाही, पण विंडोजमधून आवाज बराच खाली आणला की तिचा खालचा भाग वाया जातो. २४ बिटांत त्यासाठी भरपूर जागा शिल्लक राहते.

संगीत मुळात जसे मुद्रित झाले तसेच ऐकायचे असेल, तर फूबार२००० सारख्या प्लेअरमध्ये वासापी या विंडोजच्या ध्वनिव्यवस्थेचा एक्स्क्लुझिव्ह मोड निवडावा. मग प्लेअर विंडोजच्या मिक्सरला वगळून थेट कार्डाशी बोलतो आणि कार्ड फाइलच्या मूळ रेटवर चालते. तोवर इतर प्रोग्रॅमचा आवाज येत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

दुसरे उत्तर

वरील माहिती बरोबर आहे, परंतु आपल्या तक्रारीचे मूळ सॅम्पल रेटमध्ये नसून एकावर एक चढलेल्या दोन सराउंडमध्ये आहे. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपला मेंदू दोन्ही कानांवर पडणाऱ्या ध्वनीतील वेळेच्या व तीव्रतेच्या फरकावरून आणि पुढून आला की मागून, हे मुख्यतः बाहेरच्या कानाच्या आकारामुळे ध्वनीत होणाऱ्या बारीक बदलांवरून ठरवतो. व्हर्च्युअल सराउंड हेच बदल गणिताने घडवून आणते. ते एकदा झाल्यावर त्याच आवाजावर पुन्हा तीच प्रक्रिया केली, की दिशेच्या खुणा एकमेकींत मिसळून पुसट होतात आणि खोलीचा घुमारा तेवढा उरतो. स्टिरिओ गाण्याला तर एकाही सराउंडची गरज नाही, कारण कोणते वाद्य कुठे ऐकू यावे हे ध्वनिमुद्रकाने आधीच ठरवलेले असते.

त्यामुळे ही प्रक्रिया एकाच ठिकाणी होऊ द्यावी. ज्या गेममध्ये हेडफोनसाठी स्वतःचा त्रिमितीय ध्वनी आहे (‘ओव्हरवॉच’ या नेमबाजीच्या गेममध्ये त्रिमितीय ध्वनीसाठी डॉल्बी अ‍ॅटमॉसचा पर्याय खुद्द गेममध्येच आहे), तिथे तोच चालू ठेवावा आणि ड्रायव्हरचे सराउंड व विंडोजचा स्पेशियल साउंड दोन्ही बंद करावेत. गेमला सगळे दगडधोंडे, भिंती आणि आवाजाची उंचीही माहीत असते. ड्रायव्हरच्या हाती मात्र तयार झालेले चॅनेल (स्पीकरनिहाय वेगळे केलेले आवाज) येतात. गेममध्ये अशी सोय नसेल, तर गेमचे आउटपुट ७.१ ठेवून ड्रायव्हर किंवा विंडोज यांपैकी एकालाच काम द्यावे.

तपासण्यासाठी गेममध्ये एखाद्या अखंड आवाजाजवळ, समजा धबधब्याजवळ, उभे राहावे आणि डोळे मिटून माउसने सावकाश पूर्ण वळावे. आवाज कानापासून पाठीमागे आणि तिथून दुसऱ्या कानाकडे सलग सरकला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल, तर कुठेतरी दुहेरी प्रक्रिया उरली आहे का ते पाहावे.

तिसरे उत्तर

व्हॉइस चॅटचा त्रास एका मिनिटात सुटेल. जुन्या साउंड कंट्रोल पॅनेलमधील कम्युनिकेशन्स या भागात बोलणे सुरू होताच इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याचा पर्याय मुळातच निवडलेला असतो. त्याऐवजी ‘काहीही करू नये’ या अर्थाचा शेवटचा पर्याय निवडावा.

लाउडनेस इक्वलायझेशनचा उल्लेख अजून कुणी केलेला नाही. पावले ठळक व्हावीत म्हणून बरेच खेळाडू ते चालू करतात आणि पावले खरोखरच ठळक होतात, कारण हलके आवाज वर येतात आणि मोठे आवाज खाली दाबले जातात. पण त्यामुळे जवळची आणि लांबची पावले सारखीच मोठी वाटू लागतात, म्हणजे अंतराचा अंदाज हातचा जातो. माझ्या मते ही देवाणघेवाण परवडणारी नाही. संगीतासाठी तर ते कटाक्षाने बंद असावे. हळुवार सुरुवात आणि शिगेला पोहोचलेला स्वर एकाच पातळीवर आले, तर त्या रचनेत उरते काय?

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही सराउंड बंद करताच गाणी मोकळी वाटू लागली आणि गेमच्या स्वतःच्या हेडफोन पर्यायावर दिशाही कळू लागली. एकच शंका उरली आहे: इक्वलायझर एपीओ या सुरांचा तोल बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये खर्ज (खालचे सूर) ६ डेसिबलने वाढवला आहे, पण मोठ्या आवाजात तो फाटतो, आणि एक्स्क्लुझिव्ह मोडमध्ये तर त्याचा काहीच परिणाम जाणवत नाही. असे का होत असावे?

दुसरे उत्तर देणारे

डिजिटल आवाजाला शून्य डेसिबल ही वरची हद्द असते आणि आजची बरीचशी गाणी तिला टेकलेलीच असतात. त्यात ६ डेसिबलची भर घातली की लाटांचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटतो. त्याच प्रोग्रॅममध्ये एकूण पातळी ठरवणारा प्रीअ‍ॅम्प उणे ६ डेसिबलवर ठेवावा आणि कमी झालेला आवाज हेडफोन अ‍ॅम्पवरून वाढवून घ्यावा. दुसऱ्या शंकेबाबत सांगायचे, तर इक्वलायझर एपीओ विंडोजच्या ज्या ध्वनिप्रक्रियेत बसतो, तीच एक्स्क्लुझिव्ह मोडमध्ये वगळली जाते. खर्ज हवाच असेल, तर संगीत शेअर्ड मोडमध्ये ऐकावे किंवा प्लेअरमधलाच इक्वलायझर वापरावा; मात्र आवाज फाटू नये म्हणून तिथेही पातळी तितकीच खाली घ्यावी लागेल.