मदत हवी आहे : रीफ टाकीचं पाणी एका रात्रीत दुधाळ, मासे वर येतायत

मिऱ्याकाठ : तातडीने सांगा. छोटी रीफ टाकी आहे, म्हणजे खाऱ्या पाण्याची, कोरल असलेली, दीड वर्षं छान चाललेली. आज सकाळपासून पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालंय. क्लाऊन माशांची जोडी वर येऊन तोंडं उघडझाप करतेय, फुलासारखे झोआ कोरल सगळे मिटलेत, लेदर कोरल मान टाकून पडलंय आणि त्यावर मेणासारखा पापुद्रा आलाय. टेस्ट केल्या, पीएच सोडून सगळं ठीक. अमोनिया खाणाऱ्या बॅक्टेरियाची बाटली ओतायची तर किती?

शिंपलो : अरे, टाकी केवढी ता तरी सांग. ठीक म्हणजे काय? आकडे दी. अमोनिया किती? फिल्टर खयचो?

मिऱ्याकाठ : ८० लिटरची काच, दगड-वाळू वजा जाता पाणी ६५. पीएच ७.७, नायट्रेट १०, एसजी (खारेपणाचा आकडा) १.०२५, तापमान २९. अमोनियाची किट संपलीय. फिल्टर कॅनिस्टर, टाकीबाहेरचा बंद डबा. बाटलीचं सांगा ना.

निळाप्रकाश : लाइट कुठला वापरता? पांढरा जास्त आणि निळा कमी असेल तर झोआ मिटतात. चॅनल वेगवेगळे कमी-जास्त करता येणारा एलईडी घ्या.

खाडीवाला : लाइटचा इथे संबंध नाही. अमोनिया मोजलाच नाही तर ठीक म्हणता येणार नाही, आधी किट आणा. आणि काल रात्री वीज गेली होती का?

मिऱ्याकाठ : हो, ११ ते सकाळी ८. पण आली तसं सगळं आपोआप सुरू झालं. कॅनिस्टर व्यवस्थित चालू आहे.

खाडीवाला : कॅनिस्टर चालू आहे तेच बिघडलंय. आत्ता बंद करा, मग पुढचं वाचा. बंद डब्यात पाणी फिरलं नाही की आतले जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात आणि स्पंजातला गाळ सडायला लागतो. नऊ तासांनी वीज आली तेव्हा पंपाने ते सडकं पाणी थेट टाकीत ढकललं. झाकण उघडा, कुजलेल्या अंड्याचा वास येईल. त्यातलं पाणी मोरीत ओता, फ्लॉस (गाळणीचा कापूस) फेकून द्या, स्पंज आणि जिवाणू वाढतात त्या रिंगा टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून घ्या. नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने उरलेले जिवाणूही जातील.

त्याआधी हवा. वेव्हमेकरचं (लाटा करणाऱ्या पंपाचं) तोंड वर वळवा, पाण्याचा पृष्ठभाग फुटला पाहिजे. जोडीला एअरस्टोन. ३० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच लिटरला सहा मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, त्यात रात्रभर प्रवाह बंद. मासे वर येतायत ते याचमुळे. खाणं बंद, लाइट बंद.

गुहागरकर : पीएच ७.७ आहे, आधी बफर टाकून ८.२ वर आणा. खाण्याचा सोडाही चालतो.

खाडीवाला : कृपा करून असं सांगू नका. कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलाय, हवा मिळाली की आपोआप चढेल. पाण्यात अमोनिया असताना पीएच ७.७ वरून ८.२ केला तर विषारी मुक्त अमोनिया जवळपास तिप्पट होतो. पीएच चढायच्या आत अमोनिया कमी करायचा.

दर्यावर्दी : समुद्र दोन मिनिटांवर आहे. भाट्याच्या किनाऱ्यावरून दोन कॅन पाणी आणून बदला, सगळे खनिज आयते मिळतात.

शिंपलो : आषाढात? काजळी नदी गढूळ होऊन खाडीत येता. वरचा पाणी निम्मा गोडा, त्यात चिखल. दर्या निवळलो की बघूया, आता नको.

दर्यावर्दी : मग मालवणहून जिवंत दगड आणा, जिवाणू त्याच्यावरच असतात.

खाडीवाला : तेही नको. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथला दगड उचलायचा नाही. दगडी प्रवाळ तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. तुकडा मेलेला दिसला तरी नाही.

मिऱ्याकाठ : दगडी प्रवाळ माझ्याकडे नाहीच, झोआ, मशरूम कोरल आणि लेदरच आहे. कॅनिस्टर उघडला, वास भयानक. स्पंज काळा पडलाय. दुकानातून किट आणली, अमोनिया २. आता पाणी किती बदलू?

गुहागरकर : रोज दहा टक्के. जास्त बदललंत तर कोरलला धक्का बसतो.

खाडीवाला : धक्का फरकाचा बसतो, लिटरचा नाही. दहा टक्क्यांनी २ चा १.८ होईल, निम्मं बदललं तर १. खारेपणा, तापमान आणि केएच (पाण्याची क्षारता) जुळत असेल तर निम्मं बदला. आरओचं ३२ लिटर पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) पाचच्या आत, त्यात लिटरला ३६-३७ ग्रॅम रीफ सॉल्ट, म्हणजे जवळपास १२०० ग्रॅम. पंप लावून किमान दोन तास घुसळा, तळाशी कण दिसता कामा नये. एसजी कशाने मोजता?

मिऱ्याकाठ : काट्याच्या हायड्रोमीटरने.

खाडीवाला : काट्याला बुडबुडा चिकटला की काटा वर उचलला जातो आणि आकडा जास्त दिसतो. डबी टकटक वाजवून बुडबुडे सोडवा, दोनदा मोजा. नवं पाणी टाकीत एकदम ओतू नका, एअरलाइनच्या बारीक नळीने अर्ध्या तासात सोडा. मग जाळीच्या पिशवीत ५०-६० ग्रॅम धुतलेला कार्बन (कोळशाचे दाणे) प्रवाहात ठेवा. आणि दगडांमागच्या गोगलगाई एकेक उचलून वास घ्या. एक मेलेली राहिली तर एवढ्याशा पाण्यात अमोनिया पुन्हा चढेल.

मिऱ्याकाठ : तीन मेलेल्या सापडल्या, एक तर पंपाच्या मागे शंखाबाहेर लोंबत होती. लेदरचा पापुद्रा खरवडून काढू?

शिंपलो : हात लावू नको. लेदर कात टाकता, प्रवाह वाढव, आपोआप सुटता. बुड मऊ पडून वास इलो तरच काप.

मिऱ्याकाठ : रात्री ९. निम्मं पाणी बदललं, अमोनिया १ च्या खाली, पीएच ७.९. मासे खाली उतरले. बाटली आता ओतू का?

खाडीवाला : आता ओता, झाकणावरच्या मापाने. जिवाणू मारणारा यूव्ही दिवा असेल तर बंद ठेवा. सकाळी पुन्हा मोजा, ०.५ च्या वर असेल तर परत निम्मं बदला. पुढच्या वेळी वीज गेली की कॅनिस्टरचा प्लग काढून ठेवायचा आणि यूएसबीचा एअरपंप पॉवर बँकेला लावायचा. पाच वॅटच्या पंपाला वीस हजार एमएएचची बँक दहा-बारा तास पुरते.

मिऱ्याकाठ : सकाळी ७. अमोनिया ०.२५, पाणी पलीकडची भिंत दिसण्याइतकं निवळलं. कोपऱ्यातले हिरवे झोआ अर्धे उघडलेत.