खारफुटीच्या चिखलातला जिवाणू: नवी प्रजाती म्हणू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. खारफुटीच्या मुळांजवळचा काळा चिखल, तोच कुजक्या अंड्यांसारखा वास मारणारा, त्यातून एक जिवाणू वेगळा केलाय. मरीन अगारवर (समुद्री क्षार असलेलं, जिवाणू वाढवायचं माध्यम) तिसऱ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढ्या नारिंगी वसाहती दिसतात. बिनमिठाच्या माध्यमावर मात्र ढिम्म, काही उगवत नाही. ग्रॅम निगेटिव्ह, दांडीसारखा आकार.

अडलंय ते पुढे. १६एस आरआरएनए जनुकाचं (जिवाणू ओळखायला वापरतात ते) साम्य सर्वांत जवळच्या प्रजातीशी ९८.९ टक्के येतंय, म्हणजे ९८.७ च्या रूढ सीमेच्या जरासं वर; त्याखाली असतं तर नवी प्रजाती धरता आली असती. इथेच सोडून देणार होतो. पण संपूर्ण जीनोम केला तर एएनआय (दोन जीनोममधलं सरासरी साम्य) ९३ टक्क्यांच्या आसपास! प्रजातीची सीमा ९५-९६ धरतात, म्हणजे या हिशेबाने तो वेगळा. डिजिटल डीडीएचही (जीनोमच्या साम्याचं संगणकावर काढलेलं दुसरं माप) ७० टक्क्यांच्या सीमेच्या बरंच खाली आहे. १६एस फार सावकाश बदलतं, त्यामुळे माझा कल जीनोमकडे आहे. तरी धाकधूक आहेच: जीनोममध्ये दुसऱ्याच जिवाणूची भेसळ तर नाही ना? वसाहत तीनदा रेघाटून शुद्ध केली होती, पण चिकट वसाहतींचा काय भरवसा.

भेसळ तपासायला तुम्ही काय करता? जीनोममधलं १६एस आधी सँगर पद्धतीने वाचलेल्या त्याच जनुकाच्या क्रमाशी जुळवणं पुरेल का? आणि मेदाम्लं, क्विनोन वगैरे पेशीतली रसायनं तपासताना शेजारच्या प्रजातीचा प्रारूप वाण (त्या प्रजातीचा अधिकृत संदर्भ नमुना) मागवून सोबत वाढवावाच लागतो, की छापील आकडे चालतात? दोन देशांतल्या संग्रहांत वाण जमा करायचं मला ठाऊक आहे, ते नंतर बघतो.