आजीच्या पितळी पातेल्याला कल्हई कुठे करून मिळेल?

मदत हवी आहे. खरेदी टाळण्याबद्दल मी घरात बदनाम. सेल लागला की माझा फोन बंद. पण आईने आजीचं पितळी पातेलं मोडीत काढलं, तेव्हा मीच ते पिशवीतून परत काढलं. (का, ते मलाही नीट सांगता येत नाही.) काठाजवळ ठोक्यांनी घातलेलं आजीचं नाव, त्यातला ‘सौ’ आता पुसट, आणि तिथेच एक पोचा. आतली कल्हई पार उडालीय, त्यामुळे कढी-आमटी कळकते. पूर्वी नवसागराचा पांढरा धूर काढत कल्हईवाला दारावर यायचा. पुण्यात तांबट आळीत कथलाची कल्हई अजून कुणी करून देतं का? पोचा काढताना नाव जाणार नाही ना? शोकेसमध्ये ठेवायचं नाहीये, रोज वापरायचंय.