सॅमनची पिल्लं समुद्रात गेल्यावर काय खातात?

करवीरचा शेतकरी: माझ्या शेततळ्यात कटला माशाचं बीज (बारीक पिल्लं) सोडलंय, त्याला कोंडा-पेंड टाकतो. सॅमनच्या पिल्लांना समुद्रात काय मिळतं?

पंचगंगा गळवाला: भावा, नदीत किडे-अळ्या. समुद्रात शिरल्यावर तांदळाच्या कणीएवढे कोपेपॉड नावाचे कवचवाले जीव, खेकड्यांच्या अळ्या, कोळंबीसारखे बारीक क्रिल. चिनूक आणि कोहो या सॅमनच्या जाती थोड्या वाढल्या की हेरिंग माशाची पिल्लं गिळायला लागतात. तोंडात मावेल तेवढंच भक्ष्य, म्हणून जो आधी वाढतो त्याला मासे आधी मिळतात.

शाहूपुरीकर: सगळेच सॅमन मासे खातात?

पंचगंगा गळवाला: नाही. सॉकाय जातीचा सॅमन मोठा झाला तरी बराचसा क्रिल-कोपेपॉडवरच. त्यांच्यातलं अ‍ॅस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य अंगात साठतं, म्हणून मांस लालभडक. आणि भावा, कटल्याच्या बीजालाही आधी प्राणीप्लवंग म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीवच लागतात. शेण टाकून पाण्यात ते वाढव, नुसत्या पेंडीवर राहू नकोस.