पीएचडी रखडते ती आळसामुळे? मला नाही पटत

शोधवाट: परवा इथे एक पोस्ट फिरत होती : ‘शिक्षणशास्त्र-मानसशास्त्रातल्या पीएचड्या आळसामुळे रखडतात. रोज दोन पानं लिहा, प्रबंध वेळेत होतो.’ वाचून डोकंच फिरलं. लिहायचं कशावर? आमचा डेटा जिवंत माणसांकडून येतो. आधी नैतिकता समिती, मग शाळेची परवानगी, मग पालकांची लेखी संमती, आणि मूल स्वतः तयार हवं ते वेगळंच. सगळं जुळेपर्यंत परीक्षा तोंडावर येतात आणि मुख्याध्यापिका म्हणतात, “आता पुढच्या सत्रात बघू.” माझ्या प्रयोगगटातली निम्मी मुलं उत्तरचाचणीच्या (प्रयोगानंतर घ्यायच्या चाचणीच्या) दिवशी क्रीडास्पर्धेच्या सरावाला गेली होती. गैरहजर मुलांवर दोन पानं कशी लिहायची, ते सांगा.

रोखठोक: ती पोस्ट माझीच. अडचणी कुणाला नसतात? पण विषय बघा लोकांचे! ‘विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासावर अध्यापनपद्धतीचा परिणाम’. सर्वांगीण विकास मोजणार कशाने? एका इयत्तेचं अपूर्णांकांचं आकलन घ्या, प्रमाणित प्रश्नावली किंवा चाचणी वापरा, क्रॉनबाख अल्फा (चाचणीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढा आणि मोकळे व्हा.

तिसरा बाक: ‘अल्फा काढा आणि मोकळे व्हा’, खरा रोग इथेच आहे! क्रॉनबाखचा तो लेख 1951 चा, आणि अजून आपण अल्फा 0.9 आला की पेढे मिळाल्यासारखे खूश. एका प्रबंधात मी ही दोन विधानं वाचली आहेत : ‘अभ्यास करताना मला ताण येतो’ आणि ‘अभ्यासाच्या वेळी मला तणाव जाणवतो’. एकच गोष्ट दहा वेळा विचारा, अल्फा वाढणारच. तुम्ही ताण मोजताय की भलतंच काही, हे तो सांगत नाही. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांत 97 टक्के निष्कर्ष संख्याशास्त्राच्या दृष्टीने सार्थ (निव्वळ योगायोग वाटू नयेत असे) होते, फेरतपासणीत फक्त 36 टक्के.

रोखठोक: ते बहुतेक प्रयोग होते, नावाजलेल्या नियतकालिकांतले. प्रश्नावल्यांशी त्यांचा काय संबंध? पीएचडी हे संशोधनाचं प्रशिक्षण आहे, आयुष्यभराचं काम नव्हे. शुद्धतेचा हट्ट धरणारे नोंदणीची मुदतवाढ मागत बसलेले मी रोज बघतो.

तिसरा बाक: उदाहरण प्रयोगांचं होतं, मान्य. अल्फाबद्दलचं एक अक्षरही मागे घेणार नाही. कच्च्या मापाने वेळेत पूर्ण केलेल्या प्रबंधापेक्षा मुदतवाढ बरी.

मुलाखतवाली: तुम्ही दोघं अल्फावर भांडा, आमचं काय? एका तासाची मुलाखत उतरवायला चार-पाच तास लागतात, माणसं एकाच वेळी बोलली तर त्याहून जास्त. एवढं करून प्रगती-सादरीकरणात पहिला प्रश्न काय, तर “नमुना इतका लहान कसा?” गाईडकडे प्रकरण दिलं, ते कित्येक महिन्यांनी परत आलं तेव्हा फक्त स्वल्पविराम सुधारलेले. विश्लेषणावर एक ओळ नाही. ती वाट बघणंही आमच्या आळसात धरलंय का?

रोखठोक: प्रत्येक चर्चा शेवटी गाईडवर येऊन आदळते. मी स्वतः गाईड आहे. आमच्याकडे प्रकरणं येतात ती मुदतीच्या आदल्या रात्री, संदर्भसूची अर्धवट, आणि सकाळी सही हवी. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

शोधवाट: गाईड आहात ना, मग उत्तर द्या. विषय अवाढव्य असतात हे मला मान्य आहे. पण सिनॉप्सिसवर, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यावर, सही कुणाची असते? ‘सर्वांगीण विकास’ मंजूर कोण करतं? पहिल्या वर्षाच्या अभ्यासकाला परवानग्यांना किती वेळ जातो हे कळणार कुठून? तुम्हाला माहीत असतं. ते तेव्हाच सांगायचं सोडून नंतर आळशी म्हणता, राग त्याचा आहे.

रोखठोक: सह्या आमच्या असतात, हे नाकारत नाही. पण विषय लहान करा म्हटलं की अभ्यासकच घाबरतात, ‘एवढ्याशा विषयाला पीएचडी कोण देणार?’ म्हणून. ‘आळस’ हा शब्द शाळांत डेटा गोळा करणाऱ्यांपुरता मागे घेतो. जे शाळेत गेलेच नाहीत, त्यांच्यापुरता ठेवतो. सिनॉप्सिसच्या आधी लहानसा पायलट (मुख्य अभ्यासाआधी थोड्या जणांवर करून बघायचा अभ्यास) सक्तीचा करा, निम्मे विषय तिथेच आकाराला येतील.

तिसरा बाक: आणि त्या पायलटमध्ये चार मुलांना समोर बसवून ‘हा प्रश्न तुला काय समजला?’ हे विचारायचं असेल, तर माझाही पाठिंबा. नुसता अल्फा काढून आणणार असाल तर नाही.